मायक्रॉनचा मिलीमीटर होऊ नये म्हणून

पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या वेंडरकडून गाडीचा सुटा भाग कंपनीत जातो, तेव्हा त्याच्यासोबत कागदही जातात: मापांचा इन्स्पेक्शन रिपोर्ट, सीपीकेचा म्हणजे प्रक्रियेच्या क्षमतेचा हिशेब, पीपॅपची म्हणजे भागाच्या मंजुरीची फाइल. त्यांत ±, डायाचे चिन्ह, मायक्रॉनमधला म्यू, सिग्मा आणि डोक्यावर आडवी रेघ असलेला एक्स सतत लागतात. साध्या कीबोर्डवर यांतले एकही सापडत नाही.

जुनी पळवाट म्हणजे ‘एम’ टाइप करून त्याला सिम्बॉल फॉन्ट लावणे. पडद्यावर म्यू दिसतो, फाइलमध्ये मात्र ‘एम’च राहतो. मजकूर ईमेलमध्ये किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गेला आणि फॉन्ट गळाला, की ५ मायक्रॉनचे ५ मिलीमीटर होतात, म्हणजे हजारपट. जुन्या मराठी फॉन्टांतली पत्रे उघडताना अक्षरांचा जो गोंधळ दिसे, तो याच जातीचा. फक्त तिथे जॉब रिजेक्ट होत नसे. वर उचललेल्या घातांकाचीही तीच गत: फॉरमॅटिंग गेले की दहाचा उणे तिसरा घात ‘१०-३’ असा सपाट होतो.

म्हणून सुटे चिन्ह युनिकोडचेच घ्यावे. विंडोजमध्ये ऑल्ट दाबून उजवीकडच्या अंकपट्टीवर ०१७७ दिले की ± येते. वर्डमध्ये इंग्रजी अंकांत २३०० लिहून ऑल्ट-एक्स दाबले की व्यासाचे चिन्ह उमटते.

सूत्रासाठी ऑल्ट आणि बरोबरचे चिन्ह एकत्र दाबून समीकरणाची चौकट उघडावी. ही सोय वर्ड २००७ पासूनची. तिच्यात सूत्र एका ओळीत लिहायचे असते: सीपीसाठी, म्हणजे वरची मर्यादा उणे खालची मर्यादा भागिले सहा सिग्मा, (यूएसएल-एलएसएल)/(६σ) लिहून स्पेस दिला की अपूर्णांक उभा राहतो आणि कंस आपोआप निघून जातात. सिग्मासाठी बॅकस्लॅश देऊन त्याचे इंग्रजी नाव लिहायचे. एक्सपुढे तसेच ‘बार’ लिहून दोनदा स्पेस दिला की वर रेघ येते. २५ मिमीच्या एच७ भोकाचा टॉलरन्स शून्य ते +०.०२१ मिमी असतो. २५_०^(+०.०२१) असे लिहिले की दोन्ही मर्यादा ड्रॉइंगवरच्यासारख्या एकाखाली एक बसतात. हे स्पेस मारून जुळवू पाहणाऱ्यांची चिकाटी मोठी, पण फॉन्टचा आकार बदलताच सगळे सरकते.

लिबरऑफिसमध्ये हेच काम शब्दांनी होते. भागाकारासाठी ‘ओव्हर’ हा इंग्रजी शब्द लिहितात.

जुन्या फाइलींची अडचण वेगळी आहे. त्यांतली सूत्रे ‘इक्वेशन एडिटर ३.०’ने केलेली असतात. सुरक्षेतील त्रुटीमुळे मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१८ मध्ये तो काढून टाकला. ती सूत्रे दिसतात, छापता येतात, पण दुरुस्त करायची तर वर्डच्या नव्या आवृत्तीत आधी नव्या स्वरूपात बदलून घ्यावी लागतात. नवी फाइल जुन्या ‘डॉक’ स्वरूपात साठवली तर समीकरणांची चित्रे होतात. ग्राहकाला आकडे बदलायचे असतील तर ‘डॉकएक्स’ पाठवावी, नुसते वाचायचे असेल तर पीडीएफ.