परदेशची चव आणि घरची चूल

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, या शहरांत लग्नकार्याच्या दिवशीं अंगणांत मोठी देग चढते आणि तिच्यांतील खलियाचा वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो. शेजारीं तंदुरांतून पिवळसर नान निघत असतात. या नान-खलियाची कथा अशी सांगतात कीं, इ. स. १३२७ मध्यें महंमद तुघलकानें आपली राजधानी दिल्लीहून देवगिरीस, म्हणजे दौलताबादेस, हलविली, तेव्हां लष्कराबरोबर हें अन्न इकडे आलें. कथेंत इतिहास किती आणि दंतकथा किती, हा प्रश्न बाजूस ठेवला तरी एक गोष्ट निश्चित आहे. आजच्या खलियांत लाल मिरची असते आणि पुष्कळ घरीं वाटणांत शेंगदाणेहि असतात. हे दोन्ही जिन्नस मूळचे अमेरिका खंडांतले. १४९८ मध्यें वास्को द गामा कालिकतास पोहोंचला. त्यानंतरच्या काळांत ते हिंदुस्थानांत आले. तुघलकाच्या शिपायांना ते स्वप्नांतहि ठाऊक नव्हते.

जिन्नस बदलले, परंतु रांधण्याची रीत टिकली. जगांतील नाना देशांचे पदार्थ घरीं करूं पाहणारांनीं याच गोष्टीपासून धडा घ्यावा. परदेशी पदार्थ करावयाचा म्हटला कीं, पुष्कळजण प्रथम बाजाराकडे धांव घेतात. महागड्या बाटल्या येतात, महिन्याच्या हिशेबास खिंडार पडतें, आणि पानांत पडतें तें मिळमिळीतच. घरची मंडळी नाकें मुरडतात. अर्धवट भरलेल्या बाटल्या फडताळांत धूळ खात पडतात. दोष बहुधा बाटल्यांचा नसतो. क्रिया चुकलेली असते.

पहिली क्रिया परतण्याची. पाणी १०० अंश सेल्सियसला उकळतें. मांस वा कांदा ओला आहे तोंवर त्याच्या पृष्ठभागाचें उष्णमान याहून फारसें चढत नाहीं. पाणी आटून तें सुमारें १४० अंशांपर्यंत गेलें, म्हणजे प्रथिनें आणि साखर यांच्या संयोगानें तांबूस रंग व खमंग वास झपाट्यानें उत्पन्न होतो. लुई कामी मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९१२ मध्यें या क्रियेचें वर्णन केलें. म्हणून मांस पुसून कोरडें करावें आणि कढईंत गर्दी न करितां थोडेंथोडें परतावें. चिनी पद्धतीचा परतलेला भात याच कारणानें गार, मोकळ्या भाताचा करितात. तो भात शिजल्यावर लवकर निववून शीतपेटींत ठेवावा आणि प्रखर आंचेवर परतावा. फ्रेंच आचारी मांस काढून घेतल्यावर भांड्याच्या तळास चिकटलेला तांबूस अंश थोडें पाणी घालून खरवडतो. तोच त्याच्या रश्श्याचा जीव असतो. आपल्याकडील जाणती गृहिणीहि वाटणाचें भांडें विसळून तें पाणी कालवणांतच ओतते.

दुसरी क्रिया स्नेहाची, म्हणजे तेला-तुपाची. मसाल्याचा सुगंध देणारीं बहुतेक द्रव्यें पाण्यांत नीट विरघळत नाहींत, तेलांत विरघळतात. खलियावर जी लाल तरी तरंगते, तिच्यांत हा सुगंध सांठलेला असतो. वाटण तेल सुटेपर्यंत परतावें, हा आपला नियम येथूनच निघाला. इटालियन पदार्थासाठीं लसूण गार तेलांत घालून मंद आंचेवर तापवावा. म्हणजे तेलास वास लागतो आणि लसूण करपून कडू होत नाहीं. मेक्सिकोंत वाळलेल्या मिरच्या तव्यावर किंचित् शेकून, गरम पाण्यांत भिजवून मग वाटतात. आपली मिरची तिखट असल्यास बिया काढाव्या आणि संख्या कमी करावी.

तिसरी क्रिया धीराची. ज्या स्नायूंना कष्ट पडतात त्यांचें मांस चिवट असतें. मंद आंचेवर दोन-तीन तास राहिल्यास त्यांतील कोलेजन नांवाच्या द्रव्याचें जिलेटिन होतें, मांस मऊ पडतें आणि रस्सा दाट होतो. घाई करून आंच वाढविली, तर पाणी आटतें, पण मांस चरबरीतच राहतें.

चौथी क्रिया तोल साधण्याची. मीठ टप्प्याटप्प्यानें घालावें. आंबट बहुधा शेवटीं. चिंच वा टोमॅटो आधीं पडला, तर डाळी लवकर शिजत नाहींत, आणि लिंबाचा वास उकळीबरोबर उडून जातो. याखेरीज एक सौम्य, रुचकर चव आहे. किकुनाए इकेदा या जपानी शास्त्रज्ञानें १९०८ मध्यें कोंबू नांवाच्या समुद्रशेवाळांत तिचें मूळ शोधून काढलें आणि तिला उमामी असें नांव दिलें. पिकलेल्या टोमॅटोंतहि ही चव असते. जपानी पद्धतीचें सार करावयाचें असून कोंबू मिळालें नाहीं, तर बाजारांत मिळणारीं खाण्याचीं वाळलेलीं अळंबीं भिजवून तें पाणी वापरावें.

याचा अर्थ जिन्नसाला किंमत नाहीं असा नव्हे. केशराचें काम हळद करीत नाहीं. ती रंग देईल, गंध देणार नाहीं. ज्या जिन्नसावर पदार्थाचें नांव उभें आहे तो मात्र खरा आणावा, थोडा आणावा; बाकीचें घरच्या डब्यांतून घ्यावें. एका वेळीं एकच नवा पदार्थ हातीं घ्यावा, आणि शितावरून भाताची परीक्षा करितात तशी प्रत्येक पायरीवर चव पाहावी. शेवटीं चूक कळून उपयोग होत नाहीं.

येथल्या एखाद्या देगींत प्रथम मिरची पडली, तेव्हां कोणा वृद्ध पाहुण्यानें 'हा कांहीं खरा खलिया नव्हे' असें म्हटलेंहि असेल. आज त्या मिरचीवांचून खलिया कोणास ओळखूंहि येणार नाहीं.