पिकलबॉल आणि उलटं पाऊल

आपल्या मंडळाच्या सहलीत हल्ली पत्त्यांच्या डावापेक्षा पिकलबॉलच्या कोर्टावर गर्दी जास्त. साठी-सत्तरीची मंडळी उत्साहाने उतरतात. मीही त्यातलाच. या देशात तीस वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून लोकांचे गुडघे-खांदे हाताळल्यावर मला कोण काय शिकवणार, असं वाटायचं. गेल्या उन्हाळ्यात आमच्या सौ.ने शिकवलं. डोक्यावरून जाणारा चेंडू घ्यायला ती तोंड नेटकडे ठेवूनच उलटी धावली, टाच अडकली आणि टेकलेल्या हातावर पडली. "अहो, काही नाही, मुरगळलाय नुसता." एक्स-रेत मनगटाचं हाड मोडलेलं निघालं.

१९६५ साली वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर हा खेळ जन्मला. कोर्ट बॅडमिंटनच्या डबल्सचंच, २० बाय ४४ फूट. चौघांत धावणं थोडं, म्हणून सोपा वाटतो. फायदाही खरा आहे. हृदयाला व्यायाम होतो, स्नायू रक्तातली साखर वापरतात, तोल सांभाळायचा सराव होतो. शिवाय रिटायर झाल्यावर चार माणसं भेटतात. हे औषध मी फार मोठं मानतो.

घोळ होतो तो वेगळ्याच कारणाने. दम काही आठवड्यांत वाढतो, पण स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा बळकट व्हायला महिने लागतात, आणि वयाबरोबर तिची लवचीकता कमी झालेली असते. त्यामुळे उत्साह पुढे, पोटरी मागे! पुढे झेपावताना कुणी पोटरीवर दगड मारल्यासारखं वाटलं, तर स्नायू फाटलेला असू शकतो. टाचेवरची कंडरा तुटली, तर त्या एका पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नाही. अशा वेळी शेक-लेपाचे प्रयोग न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली अँटिबायोटिक्स या कंडरा कमकुवत करू शकतात, साठीनंतर अधिकच. अमेरिकेत २००८ पासून त्यांवर तसा ठळक इशारा छापला जातो. भारतातून येताना "असू द्यावं" म्हणून बॅगेत टाकलेल्या गोळ्या जरा तपासून पाहा.

रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्याचं डोकं आपटलं, तर बरं वाटत असलं तरी इमर्जन्सीत जावं.

आणि उंच चेंडू? आधी अंग वळवायचं, मग धावायचं. नाही तर सरळ सोडून द्यायचा. एका पॉइंटने कुणाचं घर बुडत नाही.

सौ.च्या बाबतीत पडणं हे निमित्त होतं. बायकांनी ६५ व्या वर्षी हाडांच्या घनतेची तपासणी करावी, अशी इथली शिफारस आहे. ती तिने दोन वर्षं पुढे ढकलली होती, आणि पेशंटांना आठवण करणारा मी घरी गप्प राहिलो. मनगट मोडल्यावर तपासणी झाली, तेव्हा हाडं ठिसूळ झाल्याचं कळलं. औषध सुरू झालं, वजनं उचलणं सुरू झालं.

चार महिन्यांनी ती पुन्हा कोर्टावर आली. आता उंच चेंडू आला की जागची हलत नाही. "तुमचा!" म्हणून ओरडते, आणि मी वळेपर्यंत चेंडू मागे पडलेला असतो.