स्थानिक कर व शुल्क : हरकती व सुनावणी

स्थानिक कर व शुल्क : हरकती व सुनावणी : ग्रामपंचायत, नगर परिषद, महानगरपालिका इ. स्थानिक स्वराज्य संस्थांनी नवा कर बसविण्यापूर्वी किंवा प्रचलित कर व शुल्क यांच्या दरांत बदल करण्यापूर्वी तो प्रस्ताव जाहीर करणे, त्यावर रहिवाशांच्या लेखी हरकती व सूचना मागविणे आणि त्यांचा विचार करून निर्णय घेणे, ही कार्यपद्धती. स्थानिक संस्थेचे सदस्य लोकांनीच निवडून दिलेले असतात. तथापि निवडणुकीतील कौल सर्वसाधारण असतो व कराचा भार मात्र विशिष्ट घरावर, दुकानावर किंवा व्यवसायावर पडतो. खर्चाची गरज संस्थेला ठाऊक असते, तर भार सोसण्याची ऐपत देणाऱ्यालाच अधिक ठाऊक असते. या दोहोंचा मेळ निर्णयापूर्वी घालावा, हा या पद्धतीमागील हेतू होय.

कर आणि शुल्क : घरपट्टीसारखा कर सार्वजनिक खर्चासाठी सक्तीने घेतला जातो, त्याच्या मोबदल्यात करदात्याला ठराविक सेवा मिळेलच असे नसते. शुल्क मात्र विशिष्ट सेवेशी किंवा परवान्याशी निगडित असते. उदा., बाजारातील जागेचे शुल्क, परवाना शुल्क. शिरूर मठाच्या खटल्यात (१९५४) सर्वोच्च न्यायालयाने हा भेद स्पष्ट केला. शुल्क आणि सेवेचा खर्च यांत गणिती समानता असलीच पाहिजे असे नाही, त्यांत स्थूल संबंध असला म्हणजे पुरे, असे मत पुढील निर्णयांतून रूढ झाले. हरकतीच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. करावर आक्षेप घेणारा मुख्यतः ऐपत व समन्याय यांकडे बोट दाखवितो. शुल्कावर आक्षेप घेणारा सेवेच्या खर्चाचा हिशेब मागू शकतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : हरकतीचा वैध मार्ग नसला, तर करविरोध रस्त्यावर येतो, हे काशीच्या उदाहरणावरून दिसते. तेथे १८१०-११ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने लादलेल्या गृहकराविरुद्ध हजारो रहिवाशांनी व्यवहार बंद ठेवून धरणे धरले आणि अखेर सरकारला तो कर मागे घ्यावा लागला. बंगालसाठी १८४२ मध्ये केलेला नगरसुधारणेचा कायदा रहिवाशांच्या अर्जावर अवलंबून होता. तो एकाच नगरात लागू झाला आणि तेथेही लोकांनी कर देण्याचे नाकारून वसुलीस आलेल्या अधिकाऱ्यावरच अतिक्रमणाचा खटला भरला. १८५० च्या सव्विसाव्या कायद्यातही नगरपालिकेची स्थापना रहिवाशांच्या इच्छेशी जोडलेली होती. मुंबई इलाख्यात या कायद्याचा बराच उपयोग करण्यात आला.

मुंबई जिल्हा नगरपालिका अधिनियम, १९०१ या कायद्याने करविषयक कार्यपद्धती निश्चित केली. नगरपालिकेने प्रथम ठराव करून कर निवडावयाचा, त्याचे नियम नोटिशीसह प्रसिद्ध करावयाचे, एक महिन्याच्या आत रहिवाशांकडून लेखी हरकती घ्यावयाच्या आणि कर सोडून द्यावयाचा नसल्यास त्या हरकती स्वतःच्या अभिप्रायासह सरकारकडे पाठवावयाच्या, असा तो क्रम होता. महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर आलेल्या १९६५ च्या नगर परिषदविषयक अधिनियमात हाच क्रम स्थूलमानाने कायम राहिला.

ग्रामपंचायत : महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या कर व शुल्कांचा आधार १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आणि त्याखालील १९६० चे कर व फी नियम हा आहे. पंचायतीला राज्य शासनाने आखून दिलेल्या किमान व कमाल मर्यादांमध्येच दर ठरविता येतो. प्रस्ताव नोटीस लावून व दवंडी देऊन जाहीर करण्याची आणि हरकती ऐकण्याची पद्धत आहे. याखेरीज ग्रामसभा हे साधन गावकऱ्यांच्या हाती असते. मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती तिची सदस्य असल्यामुळे घरपट्टी किंवा पाणीपट्टी का वाढवावयाची, हा प्रश्न कोणालाही तोंडी विचारता येतो व त्याचे उत्तर सर्वांदेखत द्यावे लागते.

नगर परिषद : गावाचे नगर झाले, की या स्थितीत मूलभूत बदल होतो. सांगली जिल्ह्यातील पलूस हे त्याचे उदाहरण होय. द्राक्षबागा, औद्योगिक वसाहत आणि जवळचे किर्लोस्करवाडी यांमुळे वाढलेल्या या तालुक्याच्या ठिकाणी ग्रामपंचायतीऐवजी नगर परिषद आली व तिची पहिली निवडणूक २०१६ मध्ये झाली. पलूस तालुक्यातीलच कुंडल हे पूर्वी औंध संस्थानात होते आणि १९३९ च्या औंधच्या राज्यघटनेने गावपंचायतींना कारभारात मानाचे स्थान दिले होते. अशा परिसरातील नगराला नगर परिषदेमुळे रस्ते, पाणी व मलनिःसारण यांसाठी नागरी योजनांचा मार्ग खुला होतो. पण ग्रामसभा संपते. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या अनिवार्य केल्या, त्या तीन लाख किंवा अधिक लोकवस्तीच्या शहरांपुरत्याच. त्यामुळे लहान नगरांतील रहिवाशाला करनिर्णयापूर्वी आपले म्हणणे मांडण्याचे मुख्य कायदेशीर साधन उरते, ते लेखी हरकतीचे.

मालमत्ता कराच्या बाबतीत हरकतीच्या दोन निरनिराळ्या अवस्था आहेत. पहिली कराच्या दराविषयी, म्हणजे धोरणाविषयी. दुसरी आकारणी यादीविषयी. नगर परिषदेच्या क्षेत्रातील इमारती व जमिनी यांचे मूल्य ठरवून साधारणतः दर चार वर्षांनी नवी आकारणी यादी तयार करतात. ती जाहीर झाल्यावर मालकाला किंवा भोगवटादाराला यादी विनामूल्य पाहता येते, मुदतीत हरकत देता येते आणि तिची सुनावणी होते. या सुनावणीत क्षेत्रफळ चुकले, बांधकामाचा प्रकार किंवा वापर चुकीचा नोंदला, शेजारच्या तशाच घराहून अधिक मूल्य धरले, असे मुद्दे ग्राह्य असतात. ‘दरच अधिक आहे’ हा मुद्दा मात्र येथे टिकत नाही. त्याची वेळ पहिल्या अवस्थेत येऊन गेलेली असते. बहुसंख्य करदाते घरी नोटीस आल्यावरच जागे होतात व दुसऱ्या अवस्थेत पहिल्या अवस्थेचे प्रश्न विचारतात. सुनावणी झाली तरी लोकांचे समाधान होत नाही, याचे एक प्रमुख कारण हे आहे.

शुल्काच्या बाबतीत पद्धत याहून सैल आहे. शुल्क उपविधीने ठरत असेल, तर उपविधीचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागविल्या जातात. परंतु सभागृहाचे भाडे, पाण्याच्या टँकरचा आकार यांसारखे अनेक आकार केवळ ठरावाने बदलतात. शिवाय हरकतीचा हक्क परंपरेने ‘रहिवासी’ या शब्दाशी जोडलेला आहे. आठवड्याच्या बाजारात शेजारच्या खेड्यातून येऊन बसणारा भाजीविक्रेता बाजारशुल्क देतो. पण तो त्या नगराचा रहिवासी नसतो व मतदारही नसतो. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात रद्द झाल्यापासून शासकीय अनुदानाबरोबर घरपट्टी, पाणीपट्टी व शुल्के यांवरील भिस्त वाढली, त्यामुळे ही उणीव अधिक जाणवते.

न्यायालयीन दृष्टिकोन : उत्तर प्रदेशातील रामपूर नगरपालिकेच्या खटल्यात (१९६४) करप्रस्ताव हिंदी वृत्तपत्राऐवजी उर्दू वृत्तपत्रात, मात्र हिंदी भाषेत छापला होता. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असे ठरविले, की प्रस्तावाची प्रसिद्धी बंधनकारक आहे. प्रसिद्धीच्या रीतीचे पुरेसे पालन झाले असल्यास लहानसहान त्रुटीमुळे कर अवैध ठरत नाही. इंग्लंडमध्ये गनिंग खटल्याच्या (१९८५) अनुषंगाने चार कसोट्या मान्यता पावल्या : प्रस्ताव घडणीच्या अवस्थेत असतानाच मत विचारावे, समजून उत्तर देण्याइतकी कारणे सांगावी, पुरेसा अवधी द्यावा, आलेल्या मतांचा मनःपूर्वक विचार करावा. न्यूझीलंडच्या २००२ च्या स्थानिक शासन कायद्यातील विशेष विचारविनिमयाच्या पद्धतीत लोकांना मत देण्यासाठी किमान एक महिन्याची मुदत आहे. महाराष्ट्रात २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमानेही पाणीदराचे निकष लाभधारक जनतेची मते अजमावून ठरविण्याचे बंधन घातले आहे.

मूल्यमापन : हरकत म्हणजे नकाराधिकार नव्हे. बहुतेक हरकती दरवाढीविरुद्धच असणार, म्हणून केवळ त्यांच्या संख्येवर निर्णय घेतल्यास पाणीपुरवठ्यासारख्या सेवा तोट्यात जातात व पुढे अधिक मोठी वाढ करावी लागते. उलट, हरकती दाखल करून घेऊन एकाच शब्दात फेटाळल्यास सुनावणी निव्वळ उपचार ठरतो. प्रस्तावासोबत सेवेचा खर्च, सध्याची वसुली व थकबाकी यांचे आकडे सोप्या मराठीत प्रसिद्ध करणे, शुल्क देणाऱ्या परगावच्या विक्रेत्यांचेही म्हणणे ऐकणे आणि प्रत्येक प्रकारच्या हरकतीला कारणांसह उत्तर देणे, या गोष्टींसाठी नवा कायदा लागत नाही. ज्या नगरात ग्रामसभेतील तोंडी प्रश्नोत्तरांची सवय अद्याप ताजी आहे, तेथे त्या अधिक सुलभ ठराव्या.