शरीरांतील घरभेद

सकाळीं उठल्यावर हाताचीं बोटें इतकीं आंखडलेलीं असतात कीं चहाचा पेला उचलवत नाहीं. तास-दोन तासांनीं तीं थोडीं सैल होतात. ऱ्हूमॅटॉइड संधिवाताच्या रोग्यांची ही नित्याची तक्रार. या दुखण्यांत शरीराचे रक्षकच सांध्यांच्या अस्तरावर उलटलेले असतात. ते कसे उलटतात, याचा केवळ एक भाग आज सांगावयाचा आहे.

आपल्या रक्तांतील टी पेशी थायमस नामक ग्रंथींत तयार होतात. तेथून नुकतीच बाहेर पडलेली मदतनीस टी पेशी मॅट्रिक होऊन घरीं बसलेल्या मुलासारखी असते. पुढें कोणता धंदा पत्करावयाचा हें ठरलेलें नसतें. (असे विद्यार्थी मीं पुष्कळ पाहिले आहेत.) ती जागी होते तेव्हां शेजारच्या पेशी जीं निरोपाचीं द्रव्यें सोडतात, त्यांवर तिचें पुढील आयुष्य अवलंबून असतें. या द्रव्यांस सायटोकाइन म्हणतात.

२००६ सालीं उंदरांच्या पेशींवरून एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. टीजीएफ-बीटा हें द्रव्य एकटें असलें तर कोवळी टी पेशी नियामक बनते, म्हणजे इतर पेशींना आवरून धरते. त्याच द्रव्याच्या जोडीस इंटरल्यूकिन-६ आलें कीं तीच पेशी टीएच-१७ बनून दाह पेटविते. एकाच उंबरठ्यावरून शिपाई निघावा कीं जाळपोळ करणारा, हें सोबतीवर ठरतें! नियामक पेशींचें अस्तित्व जपानचे शिमोन साकागुची यांनीं १९९५ मध्यें दाखविलें. मेरी ब्रंकॉव व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह त्यांना २०२५ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

संधिवाताच्या रोग्याच्या सांध्यांतील द्रवांत इंटरल्यूकिन-६ वाढलेलें आढळतें. त्याचा निरोप अडविणारें टोसिलिझुमॅब हें औषध जपानांत २००८ पासून या रोगावर देतात. पुष्कळांस त्यानें आराम पडतो. परंतु ताप चढविण्याचें कामही हेंच द्रव्य करीत असल्यानें, औषध चालू असतां जंतुसंसर्ग झाला तरी अंग तापेलच असें नाहीं. म्हणून आधीं क्षयाची तपासणी करतात, आणि नंतरही साध्या खोकल्याची हयगय करून चालत नाहीं.

टीएच-१७ पेशींच्या इंटरल्यूकिन-१७ या द्रव्याची हकीकत याहून चमत्कारिक आहे. तें अडविल्यानें सोरायसिसचे चट्टे निवळतात. पण आंतड्यांच्या क्रोन रोगावर तोच उपाय करून पाहिला, तेव्हां २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत लाभ तर झालाच नाहीं, उलट कांहीं रोग्यांचें दुखणें बळावलें. आंतड्याचें अस्तर शाबूत राखण्यास तेंच द्रव्य हातभार लावीत असतें.