खिडकी आली, पण बसेना! पाच मिलीमीटरचा घोळ येतो कुठून?

यावल : गेल्या उन्हाळ्यात यावलला आमच्या काकांच्या घराचं काम सुरू होतं. पावसाळ्याआधी खिडक्या बसवायची घाई होती. भुसावळहून टेम्पोतून यूपीव्हीसीची पहिली खिडकी आली. उचलून भिंतीला लावली, तर आत जाईना. गवंडी म्हणाला, "मी बरोबर चार फूट सोडलंय." खिडकीवाला म्हणाला, "मी बरोबर बाराशे दिलंय." दोघंही खरंच बोलत होते.

गणित कुठं चुकलं?

चार फूट म्हणजे १२१९ मिमी. गवंड्याने विटांमध्ये तेवढी जागा सोडली. नंतर दोन्ही बाजूंना साधारण १२ मिमी गिलावा चढला. उरले ११९५ मिमी. खिडकी १२०० मिमीची. म्हणजे ती ५ मिमीने मोठी झाली. शिवाय बसवायला थोडी मोकळीक लागतेच. लाकडी चौकटींसाठीच्या आयएस ४०२१ या भारतीय मानकात चौकटीभोवती ५ मिमी जागा धरली आहे. १२०० मिमीच्या ओपनिंगला ११९० मिमीची चौकट.

दाराच्या उंचीत फरशीही जागा खाते. कच्च्या जमिनीपासून सात फूट, म्हणजे २१३४ मिमी सोडले. त्यातून फरशी व तिच्याखालचा थर मिळून दोन इंच गेले, तर २१०० मिमीची चौकट बसत नाही.

पूर्वी असं का होत नव्हतं?

खान्देशातल्या जुन्या धाब्याच्या घरांत चौकट आधी उभी राहायची. तिची पूजा व्हायची आणि मग तिला धरून भिंत चढायची. भिंतच चौकटीच्या मापाने यायची. आता भिंत आधी होते आणि खिडकी कारखान्यातून नंतर येते.

माप कसं घ्यावं?

- गिलावा झाल्यावरच मोजा. फरशी बाकी असेल, तर तिची जाडी उंचीतून वजा करा.
- रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजा. उंचीही तीन ठिकाणी घ्या. सर्वांत लहान माप धरा.
- दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील, तर ओपनिंग गुण्यात नाही.
- माप मिमीमध्ये लिहून द्या. ते ओपनिंगचं आहे की चौकटीचं, हेही लिहा.

माप चुकलंच तर?

फट १० मिमीपर्यंत असेल, तर आत फोमची दोरी भरून वरून सीलंट लावता येतं. त्याहून थोडी जास्त असेल, तर पॅकिंग देऊन चौकट स्क्रूने भिंतीत पक्की करा आणि मग फोम भरा. चौकटीचा भार स्क्रूवर असतो, फोमवर नाही. फोम उन्हात खराब होतो, म्हणून तो उघडा ठेवू नका. फट इंचापेक्षा मोठी असेल, तर जाळी ठोकून सिमेंटच्या मालाने कड पुढे आणावी.

खिडकी मोठी झाली, तर बाजूचा गिलावा कटरने काढता येतो. लिंटेल आणि कॉलमला मात्र हात लावू नका. तिथं अडत असेल, तर खिडकीच बदलून घ्या. लाकडी चौकटीला रंधा मारता येतो. यूपीव्हीसीचे कोपरे जोडलेले असतात, त्यामुळे ती जागेवर कापता येत नाही.

खान्देशचं ऊन विसरू नका

इथे हिवाळ्यात पारा १० अंशांवर येतो आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो. एवढ्या फरकात १.२ मीटरची यूपीव्हीसी चौकट सुमारे ३ मिमीने वाढते. लाकडी दार उन्हाळ्यात आकसतं, पावसाळ्यात फुगतं. मे महिन्यात घट्ट बसवलेलं दार ऑगस्टमध्ये अडकतं, ते यामुळेच. म्हणून फट ठेवणं हा कामातला दोष नाही.

काकांच्या घरी दोन्ही कडांचा गिलावा काढून खिडकी बसवली. त्यात दोन दिवस गेले. बाकीच्या खिडक्यांची ऑर्डर मात्र त्यांनी थांबवली, आणि प्रत्येक ओपनिंग स्वतः टेप धरून मोजलं. चार फुटांच्या म्हणवल्या जाणाऱ्या त्या ओपनिंगपैकी एकाचंही माप दुसऱ्याशी जुळत नव्हतं.