खेळातले गाव आणि घरातली माणसे

१९८९ साली अमेरिकेत ‘सिमसिटी’ नावाचा संगणकावरचा खेळ निघाला. विल राइट हे त्याचे कर्ते. या खेळात बंदूक नाही, शत्रू नाही. मोकळी जमीन मिळते. तिच्यावर रस्ते, घरे, कारखाने, वीजकेंद्र उभारून गाव वसवायचे. सोप्या पातळीवर सुरुवातीला तिजोरीत २०,००० डॉलर असतात, अवघड पातळीवर फक्त ५,०००. पैसे संपले की गाव अडते. पण कर्त्यांनी आत एक चोरवाट ठेवली होती. कळफलकावर ‘फंड’ हा इंग्रजी शब्द टाइप केला की तिजोरीत १०,००० डॉलर जमा! पुन्हा टाइप केला, पुन्हा १०,०००. मात्र हा शब्द किती वेळा वापरला याची मोजणी खेळ आतल्या आत ठेवत असे, आणि मर्यादा ओलांडली की गावात भूकंप होई. फुकटच्या पैशाने बांधलेल्या इमारती कोसळत.

अशा शब्दांना चीट कोड म्हणतात. ‘चीट’ म्हणजे फसवणूक, आणि म्हणूनच पालकांना धडकी भरते. शाळेत भेटायला आलेल्या एका अम्मींनी आम्हाला विचारले, “सर, आमचा मुलगा अभ्यासात नक्कल करत नाही, पण मोबाइलच्या खेळात खुशाल फसवतो. आज खेळात, उद्या दुकानात. मी काय करू?” प्रश्न रास्त आहे. पण मुलगा नेमके काय करतो आहे हे पाहिल्याशिवाय उत्तर देता येत नाही. नुसते नाव ऐकून मुलाला बेइमान ठरवणे हाही अन्यायच.

‘फंड’ हा शब्द कर्त्यांनी स्वतःच ठेवलेला होता. यजमानाने आपणहून उघडे ठेवलेले दार आहे ते. त्यातून आत गेलेल्या पाहुण्याला चोर कसे म्हणणार? शिवाय ते गाव त्या एकट्या मुलाचे. तिथे ना कोणाशी स्पर्धा, ना कोणाचे नुकसान. फार तर स्वतःची मजा तो कमी करून घेईल.

दुसरा प्रकार सेव्ह एडिटिंगचा. तो समजायला थोडा वेळ द्यावा लागेल. आपण खेळ थांबवतो तेव्हा गावाची सगळी स्थिती एका फाइलमध्ये लिहून ठेवली जाते: कुठे झाड, कुठे घर, तिजोरीत किती. दुकानदाराची चोपडी असते ना, तशीच ही. फरक एवढाच की आकडे यंत्राच्या लिपीत असतात. ही लिपी माणसाला वाचता यावी म्हणून सोळाच्या पायावर लिहितात. नऊच्या पुढे ए, बी, सी, डी, ई, एफ अशी अक्षरे येतात. आपले २०,००० तिथे ‘४ई२०’ असे दिसतात. चोपडीतली ती जागा शोधून आकडा बदलला की पुढच्या वेळी तिजोरी भरलेली. काही खेळ चोपडीच्या शेवटी पडताळणीची बेरीजही लिहून ठेवतात. ती जुळली नाही तर फाइल खराब समजली जाते. म्हणून संपादनाची साधने तो आकडाही नव्याने मांडतात.

हे सारे ‘अॅनिमल क्रॉसिंग’ या जपानी खेळातही चालते. क्योटोच्या निन्टेन्डो कंपनीने तो पहिल्यांदा २००१ मध्ये काढला. त्याची कल्पना कात्सुया एगुची यांची. ते चिबाहून नोकरीसाठी क्योटोला आले आणि घरची माणसे, मित्र मागे राहिले. कामावरून रात्री उशिरा परतायचे. घरचे खेळत असत, हेही खेळत, पण बरोबर असे कधी खेळणे होत नसे. एकाच घरातल्या माणसांना वेगवेगळ्या वेळी का होईना, एकाच गावात राहता यावे, एकमेकांसाठी चिठ्ठी नि भेट ठेवता यावी, या ओढीतून हा खेळ आला. ज्यांच्या घरातला कर्ता माणूस आखातात आहे, त्या कोकणातल्या वाचकांना ही ओढ समजावून सांगण्याची गरज नाही.

या गावात घड्याळ खरे चालते. बाहेर रात्र तर खेळात रात्र. मुले यंत्राचे घड्याळ पुढे सरकवून उद्याचा दिवस आजच आणतात. कंपनीने ते अडवले नाही, फक्त छोटे काटे पेरले. २०२० च्या ‘न्यू होरायझन्स’मध्ये रविवारी शलगम विकत घेऊन आठवड्यात चांगला भाव आला की विकायचे असतात; घड्याळ मागे नेले की सगळे शलगम नासतात. जुन्या भागांत रेसेटी नावाची चिचुंदरीसारखी स्वारी होती. सेव्ह न करता यंत्र बंद केले की पुढच्या वेळी ती जमिनीतून वर येऊन लांबलचक कानउघाडणी करायची. (आमच्या स्टाफरूममध्ये तिच्या तोडीचे एक-दोघे आहेत, पण ते राहू द्या.)

२०१२ च्या ‘न्यू लीफ’मध्ये खेळणारा गावाचा महापौर असतो. मुले महिनोन् महिने राबून पायवाटा आखत, फुलांचे ताटवे लावत. आणि एका सकाळी कोणी नवा प्राणी-शेजारी बरोबर त्या ताटव्यावर घर बांधून बसलेला असे. त्याला हलवायची सोय नव्हती. तेव्हा जगभरच्या हौशी लोकांनी सेव्ह फाइल उघडून घरे सरकवायला, दगड हलवायला, नदीला हवे तसे वळण द्यायला सुरुवात केली. यात लबाडीपेक्षा गाऱ्हाणेच जास्त होते असे आमचे मत आहे. पुढच्या भागात, म्हणजे ‘न्यू होरायझन्स’मध्ये, शेजाऱ्याच्या घराची जागा निवडणे आणि नदी-टेकड्यांचा आकार बदलणे या दोन्ही सोयी कंपनीने रीतसर दिल्या. काल जी चोरवाट होती तो आज हमरस्ता झाला.

मग चूक कुठे सुरू होते? आमच्या मते, दुसऱ्याचा हक्क जिथे येतो तिथे. ‘न्यू होरायझन्स’मध्ये दुसऱ्याच्या बेटावर पाहुणे म्हणून जाता येते, पण यजमानाने ‘जिवलग मित्र’ म्हणून नोंदवल्याशिवाय पाहुण्याला फावडे-कुऱ्हाड चालवता येत नाही. अमानत म्हणजे काय हे मुलाला समजवायला याहून सोपे उदाहरण आम्हाला सापडलेले नाही. याच खेळात संपादित बेटांवरून ताऱ्यांचे तुकडे लागलेली झाडे पसरली होती, जी सरळ खेळून मिळतच नाहीत. कोणी कौतुकाने दिली, कोणी घेतली. घेणाऱ्या कितीकांना ती बनावट आहेत हे ठाऊकही नव्हते. काहींनी तर अशा वस्तू आणि प्राणी-शेजारी खऱ्या डॉलरला विकले. इथे खेळ संपला आणि धंदा सुरू झाला.

घराच्या आतही हाच प्रश्न आहे, आणि तो जास्त नाजूक आहे. ‘न्यू होरायझन्स’मध्ये एका यंत्रावर एकच बेट असते. घरातले सगळे त्यावरच राहतात. आमच्या ओळखीच्या एका घरात अब्बू दोह्याहून सुट्टीवर आले तेव्हा येताना हे यंत्र घेऊन आले. सुट्टीभर मगरिबनंतर बापलेकी खेळायला बसत. अब्बूंनी बेटावर स्वतःचे छोटे घर बांधले, आणि जायच्या आधी मुलीच्या टपालपेटीत बरीच पत्रे टाकून ठेवली. मुलगी चौथीत. रोज एक पत्र उघडायचे असा तिने स्वतःलाच नियम घातला होता.

दहावीतल्या भावाने परीक्षा संपल्यावर एका दुकानातून यंत्राचे कुलूप तोडून आणले आणि कोणीतरी तयार केलेली आयती सेव्ह फाइल जुन्या फाइलच्या जागी टाकली. बेट सुंदर झाले. धबधबे, बाजार, करोडो बेल (खेळातले चलन). अब्बूंचे घर मात्र गेले, आणि न उघडलेली पत्रेही गेली. जुन्या फाइलची प्रत त्याने ठेवली नव्हती. मुलगा खरोखर गोंधळला होता. “मी तर तिला श्रीमंत केलं,” असे तो आम्हाला म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोटेपणा नव्हता. बहिणीला विचारायचे असते, हेच त्याच्या ध्यानात आले नव्हते. दोह्याहून अब्बूंनी फोनवर त्याला रागावण्याऐवजी एवढेच विचारले, “बेटा, पत्रं किती उरली होती, तुला माहीत आहे का?” त्याला माहीत नव्हते. तो बहिणीकडे विचारायला गेला. अकरा.

म्हणून त्या अम्मींना आम्ही सांगितले, ते असे. आधी गाव कोणाचे ते पाहा. त्याचे एकट्याचे असेल तर खुशाल करू द्या. फक्त फाइल उघडण्यापूर्वी तारीख घालून तिची प्रत वेगळी ठेवायला लावा. गावात दुसरे कोणी राहत असेल तर त्याची परवानगी आधी. अनोळखी जागेवरून ‘फुकट पैसे’ देणारा प्रोग्राम उतरवायचा नाही. त्यातून बेलऐवजी विषाणू येतात आणि तुमच्या फोनमधले बँकेचे तपशील जातात. कुलूप तोडलेले यंत्र ऑनलाइन खेळातून कंपनी कायमचे बाद करू शकते, हेही मुलाला आधीच कळू द्या. आणि बनावट वस्तू विकायची नाही, विकतही घ्यायची नाही.

एक गोष्ट आम्ही वर्गातही करून पाहिली. आठवीच्या मुलांना फळ्यावर २०,००० चे ‘४ई२०’ करून दाखवले आणि ९९,९९९ चे काय होईल ते विचारले. गणितात मागे पडणारी दोन मुले, जी रात्री हेच उद्योग करतात, सर्वात आधी पुढे आली. ‘१८६९एफ’ हे उत्तर त्यांनी खडूने लिहिले. मग त्यातल्या एकाने विचारले, “सर, हा आकडा पाच घरांचा झाला. फाइलमध्ये जागा चारच घरांची असेल तर?” त्यावर बाकीचा तास गेला.