नेट चालत नाही म्हणजे नक्की काय?

मराठीत नेटवर्कवर लिही म्हटल्यावर मला घामच फुटला. कॉन्व्हेंटवाल्यांना 'संगणकीय जाळे' वगैरे शब्द झेपत नाहीत, तेव्हा आपण लॅबमध्ये बोलतो तसंच सांगते.

डिपार्टमेंटच्या सॉकेटमध्ये केबल खोचली की झालं, असं पुष्कळांना वाटतं. पण ती केबल जाते स्विचपर्यंत, आणि तांब्याची इथरनेट केबल १०० मीटरपर्यंतच चालते. आत आठ तारा, म्हणजे पीळ दिलेल्या चार जोड्या. पीळ उगीच नसतो. एका जोडीचा गोंगाट दुसरीत शिरू नये म्हणून तो असतो.

मग लागतात पत्ते. मॅक ॲड्रेस नेटवर्क कार्डाबरोबर कंपनीतूनच येतो, ४८ बिटांचा. आयपी ॲड्रेस मात्र त्या त्या नेटवर्कचा. एक आपलं नाव, दुसरा हॉस्टेलचा खोली नंबर! केबल लागताच लॅपटॉप सगळ्यांना हाक मारतो, "पत्ता कोण देतं?" डीएचसीपी सर्व्हर एक पत्ता देऊ करतो, लॅपटॉप तोच मागतो, सर्व्हर 'पक्कं' म्हणतो. सोबत गेटवे आणि डीएनएसची माहितीही येते. आमच्याकडे नोंदवलेल्या मॅकलाच पत्ता मिळतो, म्हणून तो फॉर्म भरायचा. वायफायवर आणखी एक गंमत आहे. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन खरा मॅक लपवून दुसराच सांगतात. नोंदणी करूनही फोन जोडला जात नसेल, तर त्या नेटवर्कपुरतं हे सेटिंग बंद करा.

आता खरा मुद्दा. गेल्या सेमिस्टरला कोणीतरी घरचा राऊटर आणून भिंतीतली केबल त्याच्या वॅनऐवजी लॅनच्या भोकात लावली. घरच्या राऊटरमध्येही डीएचसीपी सर्व्हर असतोच! ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता लॅपटॉप सहसा घेतो. अर्ध्या लॅबला चुकीचा पत्ता, चुकीचा गेटवे. त्याच दिवशी पाचला फायनल इयरचं प्रोजेक्ट सबमिशन! पोरं पेन ड्राइव्ह घेऊन पळत होती आणि लॅबमधले काका टेबलाखाली वाकून एकेक केबल उपटत होते. कोणाचा राऊटर, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

यावर स्विचमध्ये उपाय असतो, डीएचसीपी स्नूपिंग. ठरवून दिलेल्या पोर्टवरूनच सर्व्हरचं उत्तर पुढे जातं, बाकीची अडवली जातात. पण माझी सरांना एक विनंती आहे. बोर्डावर नुसतं 'स्वतःचा राऊटर लावू नये' असं लिहिलंय. त्याखाली कारणही लिहा ना! नुसता हुकूम आम्ही विसरतो, कारण कळलं की लक्षात राहतं.

आणि मित्रांनो, तक्रार करण्याआधी एवढं बघा. सॉकेटचा दिवा लागतो का? विंडोजवर 'आयपीकॉन्फिग' टाइप करा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर सर्व्हरचं उत्तरच आलेलं नाही. डिपार्टमेंटचे पत्ते १० ने सुरू होतात आणि तुम्हाला १९२.१६८ मिळाला, तर कोणाचा तरी राऊटर घुसलाय. पत्ता बरोबर असेल तर गेटवेला पिंग करा. आकड्यांचा पत्ता चालतो पण नावाने साइट उघडत नाही? मग डीएनएस बघा.

काकांना नुसतं "नेट चालत नाही" सांगितलं की ते पहिल्या टेबलापासून सुरुवात करतात. "पत्ता १६९ चा येतोय" म्हणालात, तर कुठे बघायचं ते त्यांना लगेच कळतं.